पूर्वपक्षाचा ओटा

रामघाटाच्या गल्लीत समोरून सांड आला की लोक भिंतीला चिकटतात. बनारसला मी ज्यांच्या घरी राहायचे ते काका चिकटत नसत. ते छत्री काखेत मारून गल्लीच्या मधोमध उभे राहत आणि म्हणत, "अहो, जरा सरकता का? आम्हांलाही जायचंय." सांड सरकला तर ठीक, नाही सरकला तर काका थांबत. मला विद्यापीठात जायला उशीर होत असे. "थांब गं, त्यांना वेळ लागतोय," ते म्हणत. माकडांनाही ते अहोच म्हणत. गच्चीवरून माझी ओढणी पळवणाऱ्या माकडाला त्यांनी हात जोडून, "अहो, ती तिला उद्या लागणार आहे," असं सांगितलेलं मी स्वतः ऐकलं आहे. ओढणी काही परत आली नाही. पण काकांचं म्हणणं असं की जो आपली वाट अडवतो त्याच्याशी जास्तच आदबीनं बोलावं, नाहीतर त्यानं आपलं का ऐकावं?

त्यांच्याबद्दल मी लिहितेय खरं, पण मला ते नीट जमेल की नाही माहीत नाही. हे पान त्यांच्या हातात पडलं तर ते पहिल्याच परिच्छेदाखाली रेघ मारतील आणि म्हणतील, "गृहीत धरू नकोस. सिद्ध कर." हे त्यांचं आवडतं वाक्य. आयुष्यभर त्यांनी एका इंटर कॉलेजात गणित शिकवलं, तेही हिंदीतून, आणि निवृत्त झाल्यावर सगळा वेळ मराठीला दिला. गल्ली त्यांना मास्साब म्हणायची. गल्लीत ते चाले. उंबऱ्याच्या आत मात्र मास्तर म्हणावं लागे, कारण उंबऱ्याच्या आत हिंदीला मज्जाव होता. दारात चपला काढायची जागा होती. "हिंदी पण तिथेच ठेवा," असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. "जाताना घेऊन जा. कोणी चोरत नाही." दूधवाल्यालासुद्धा सूट नव्हती. तो बिचारा दारातून ओरडे, "मास्तर, दूध आनला हाय, ले लिया जाय!" आणि काका आतून म्हणत, "अर्धं उत्तर बरोबर."

मी बार्शीची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मीच. प्रवेशपरीक्षेच्या यादीत नाव आलं म्हणून इतिहासात एम.ए. करायला बनारसला आले. आले तेव्हा कळलं की होस्टेलच्या यादीत माझं नाव नाही. एका मराठी धर्मशाळेतल्या बाईंनी या घराचा पत्ता दिला. पिशवी खांद्यावर घेऊन मी दारात उभी होते आणि फोनवर आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगत होते, "आप्पा, होस्टेलची पार काशी झाली."

"काय झाली?" आतून आवाज आला.

मी फोन बंद केला.

दार उघडून एक उंच, किडकिडीत म्हातारे गृहस्थ बाहेर आले. "ज्या गावात शेवटचा श्वास घ्यावा म्हणून माणसं देशभरातून येतात, त्या गावाचं नाव तुम्ही लोक मोडतोडीला वापरता. बस बंद पडली, काशी झाली. दूध नासलं, काशी झाली. मी इथं जन्मलोय. या घरात हे चालणार नाही."

"चुकलं," मी म्हणाले. मला खरंच कधी तसं सुचलं नव्हतं.

"हं. वडील काय करतात?"

"चपला शिवतात. स्टँडसमोर बसतात."

हे वाक्य बोलल्यावर समोरून काय येतं याची मला सवय आहे. खोली हवी असताना तर नक्कीच. बहुतेक वेळा ते 'बरं, कळवतो' असतं. काका म्हणाले, "मांजर चालतं का? आमचं नाही, पण येतं." तेवढ्यात काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, मला प्यायला दिला, उरलेलं स्वतः प्यायल्या आणि म्हणाल्या, "वरची खोली आहे. ओढण्या आत वाळत घाल." झालं. मी तिथं राहायला लागले.

हे आधी सांगायला हवं होतं, कारण पुढचं सगळं त्यामुळेच अवघड झालं. ज्या घरानं मला काही विचारलं नाही, त्या घराला मी काय विचारणार?

दाराच्या दोन्ही बाजूंना दगडी ओटे होते. संध्याकाळी काका उजवीकडच्या ओट्यावर बसत आणि त्यांना वाद घालायला कोणीतरी लागे. डावीकडचा ओटा पूर्वपक्षाचा. त्यांच्या घराण्यात कधीकाळी पाठशाळेत शास्त्रार्थ चालत, तिथली ही रीत त्यांनी ओट्यावर आणली होती. आपलं म्हणणं मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपण मांडायचं, आणि असं मांडायचं की त्यानं मान हलवून 'हो, हेच' म्हटलं पाहिजे. तोवर आपल्या पक्षाला तोंड उघडायचा हक्क नाही. म्हणून वाद रंगात आला की काका उठत, डाव्या ओट्यावर जाऊन बसत आणि समोरच्याला आपल्या जागी पाठवत. एकदा शेजारच्या मंदिरातल्या पुजाऱ्यांशी त्यांचा आरतीच्या लाउडस्पीकरवरून वाद झाला. जागा बदलून दोघं इतके मनापासून एकमेकांच्या बाजूनं बोलले की दुसऱ्या दिवशी पुजाऱ्यांनी आवाज कमी केला आणि काका कुरकुरत घरी आले, "आज आरती नीट ऐकू नाही आली."

त्यांची एक गोष्ट मी पुष्कळदा ऐकली. पाहुणा आला की ती व्हायचीच. भाचीच्या लग्नाला ते पुण्याला गेले होते. महाराष्ट्रात जायची त्यांची ती पहिलीच वेळ. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला लग्नघराचा पत्ता दाखवून त्यांनी विचारलं, "आपण आम्हांला तेथवर पोचवाल काय?" रिक्षावाला म्हणाला, "भैया, मीटर से चलेगा." काकांनी पुन्हा मराठीत विचारलं. तो पुन्हा हिंदीत बोलला. लग्नघरी हा किस्सा पोचला आणि वरपक्षाकडचं कोणीतरी पंगतीत म्हणालं, "या, या, काशीचे भैये आले!" सगळी पंगत हसली. ही गोष्ट सांगताना काकाही पोट धरून हसत. "इथं आम्ही दक्खिनी आणि तिथं भैये!" ते म्हणत. "इथं कोणी भैया म्हटलं तर मान असतो हो त्यात. तिथं काय असतं कोण जाणे." गोष्ट पंगतीपर्यंत आली की काकू उठून आत जात. मला वाटायचं, त्यांना ती ऐकून ऐकून कंटाळा आला असेल.

आता तो शब्द.

काकांना प्रश्न विचारायची भारी हौस. नावाड्याला नाव कुठल्या लाकडाची, डांबर कधी लावता. फुलवाल्या बाईला झेंडू कुठून येतो. कोण्या परदेशी पाहुण्याला तुमच्याकडे नदीला नाव असतं का. विचारून झालं की स्वतःवरच हसत आणि म्हणत, "चालू द्या, माझ्या आपल्या चांभारचौकशा." दिवसातून कितीतरी वेळा. मी विद्यापीठातून आले की आज काय शिकवलं, कोणी शिकवलं, फळा होता की भिंतीवर चित्रं दाखवली, आणि शेवटी, "चल, जेव तू. माझ्या चांभारचौकशा संपायच्या नाहीत."

मी हसायचे आणि जेवायला बसायचे.

हा शब्द बार्शीतही सगळे वापरतात. शाळेत बाई वापरायच्या. मी कधी काही म्हटलं नव्हतं. इथंही म्हटलं नसतं. पण गणपती जवळ आले.

काशीतली जुनी मराठी घरं गणपतीत एकत्र येतात. काकांचा त्यात एक कार्यक्रम ठरलेला असे. रविवारी त्यांच्याकडे मराठी शिकायला येणारी मुलं प्रत्येकी एक म्हण करून दाखवत. म्हण काका देत, त्यांच्या आजीनं त्यांना दिलेल्यांतली. मुलांना उभं राहायला आणि मोठ्यानं बोलायला शिकवायचं काम त्या वर्षी माझ्याकडे आलं. मुक्ता नावाची एक आठ-नऊ वर्षांची मुलगी होती, अतिशय धीट. तिला म्हण मिळाली होती, 'चांभाराच्या देवाला खेटराची पूजा.' तिनं पायातली चप्पल हातात घेतली, समोर देव आहे असं समजून दोन फटके लगावले, आणि सगळी मुलं खदखदून हसली. मग ती मला म्हणाली, "ताई, चांभार म्हणजे क्या होता है?"

"मोची रे," मागून कोणीतरी सांगितलं.

"अच्छा, वो नुक्कडवाला?" मुक्ता म्हणाली. "पर वो तो मंदिर में फूल ही चढ़ाता है."

"हिंदी बाहेर," काका आतून म्हणाले.

मला मुक्ताचा राग आला नाही. राग यावा असं काही नव्हतंच. या लोकांनी म्हणी जपल्या होत्या, अगदी चांदीच्या भांड्यांसारख्या, पुसूनपासून. म्हणींतली माणसं त्यांच्याबरोबर आली नव्हती. त्यामुळे त्या म्हणी कोणाला लागतील हे त्यांना कळायला काही मार्गच नव्हता.

त्याच आठवड्यात आप्पांचा फोन आला. गणपतीत दुकान बंद ठेवून ते येणार होते. तिकीट काढून झालं होतं. "तुझं घर बघतो, गंगा बघतो, पोरांचा कार्यक्रम बी बघतो," ते म्हणाले. आमच्या घरातलं कोणी इतक्या लांब कधी गेलेलं नव्हतं. कार्यक्रमात सतरंजीवर बसून आप्पा मुक्ताची म्हण बघणार आणि दिवसभर काकांचा तो शब्द ऐकणार. आप्पांना येऊ नका म्हणणं मला शक्य नव्हतं. मग काकांनाच सांगायला हवं होतं.

संध्याकाळी मी ओट्याशी गेले.

"काका, मुक्ताची म्हण बदलता येईल का?"

"का? पाठ नाही होत?"

"होते. आणि... तुमचा तो शब्दही. चांभारचौकशा."

"अगं, तो तर मी स्वतःला म्हणतो!"

"हो."

"मग?"

"लागतो," मी म्हणाले.

"कोणाला?"

"मला. आप्पा यायचे आहेत. त्यांनाही."

काका रागावले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "सिद्ध कर."

"काशी होण्याचं तुम्ही कुठं सिद्ध केलं होतं?"

हे माझ्या तोंडून कसं गेलं मला माहीत नाही. आतून काकूंच्या हसण्याचा आवाज आला. काका म्हणाले, "ते गृहीत—" आणि थांबले. मग उठले, डाव्या ओट्यावर जाऊन बसले आणि त्यांनी मला उजवा ओटा दाखवला. "बस. आधी माझं म्हणणं तू मांड."

मी बसले. थोडा विचार केला आणि जसं सुचलं तसं बोलत गेले. "महाराष्ट्रात मराठी नदीभर आहे. कोणी ओंजळभर सांडली तर काही बिघडत नाही. माझ्याकडे गडूभर आहे. नातवंडं फोनवर हिंदीत बोलतात. मुलं म्हण मराठीत म्हणतात आणि तिचा अर्थ हिंदीत विचारतात. मी एकेक शब्द झाकून ठेवलाय. आज एक वाईट म्हणून काढला, उद्या दुसरा, तर माझ्यामागे गडूत काय राहणार? आणि मला कोणाला दुखवायचं नाही. मी तर सांडालासुद्धा अहो म्हणतो."

काकांनी लगेच मान हलवली. चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, परत घातला. "हो," ते म्हणाले. "हेच."

मग त्यांची पाळी. "तुझं म्हणणं असं की या शब्दानं एका जातीला फालतू ठरवलं जातं. बरोबर?"

मी विचार केला. "ते खरं आहे काका. पण लागतं ते त्यानं नाही."

"मग तुझ्या आजोबा-पणजोबांना गावाबाहेर ठेवलं, त्याची आठवण होते."

"मला ती आठवणच नाही. आप्पांनी कधी सांगितलं नाही."

"मग कोणी तरी चिडवलं असेल."

"नाही."

त्या दिवशी त्यांना जमलं नाही. काकांना आयुष्यात पहिल्यांदाच एक गणित सुटलं नव्हतं. त्यांनी ते सोडलंही नाही. सकाळी स्नानाहून ओल्या धोतरानं येताना घाटाच्या पायऱ्यांवर मला गाठून ते म्हणत, "शब्दात हेतू नसतो, पण शब्दाला वास असतो. असं काही?" मी मान हलवत नसे. मी भाजी चिरत असले की दाराशी येऊन, "तुला वाटतं मी तुला आपलं मानत नाही?" "नाही काका, तसं नाही." एकदा तर मी गल्लीच्या तोंडाशी पोचले होते, मागून हाक आली. "हे बघ, अपमान हा ऐकणाऱ्याच्या मनात—"

"काका, माझा तास आहे."

"म्हणजे नाही?"

"नाही."

खरं सांगायचं तर ते काय आहे हे मलाही नीट माहीत नव्हतं. ते जे म्हणतात ते नाही, एवढंच कळायचं. त्यांचा आदर वाटायचा आणि थकायलाही व्हायचं. मला वाटायचं, नुसतं थांबवा ना. पण न पटता थांबणं काकांच्या स्वभावात नव्हतं. "उगीच थांबलो तर ती फक्त भीड झाली," ते म्हणाले. "भिडेनं काढलेला शब्द भीड संपली की परत येतो." म्हणही तशीच राहिली.

"अहो, जेवू द्या पोरीला," काकू एकदा वैतागून म्हणाल्या. "नाही म्हणून म्हणून मान मोडेल तिची."

"तिनं माझं म्हणणं पहिल्या फटक्यात मांडलं," काका म्हणाले. "मला का येत नाही?"

"तिला तुमचं रोज ऐकावं लागतं. तुम्हांला तिचं ऐकावं लागलंय कधी?"

काकांनी आमटी वाढून घेतली.

आप्पा आले ते गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात चिवड्याचा डबा. दारात चपला काढून त्यांनी सवयीनं सगळ्यांच्याच चपला सरळ लावल्या. काकांनी आपला नियम सांगितला, "इथं चपलांबरोबर हिंदी पण काढून ठेवायची असते."

"मग बरंय मास्तर," आप्पा म्हणाले. "मी आणलीच न्हाई. होती तेवढी रेल्वेतच संपली."

काका इतके हसले की मांजर उठून गेलं. दोघांचं जमलं. सकाळी काका त्यांना नावेतून दशाश्वमेधापर्यंत घेऊन गेले. परत आल्यावर आप्पा काकूंना सांगत होते, "मास्तर बैलाला अहोजाहो करत्यात, बघितलं का? आमच्या तिकडं माणसाला बी करत न्हाईत."

दुपारी पंगत बसली. उकडीचे मोदक होते. काकांनी आप्पांना शेजारी बसवून घेतलं आणि प्रश्न सुरू केले. चामडं भिजवायचं किती? दोरा कसला? आता त्या फोमच्या चपला आल्यात, त्यांचं काय करता? आप्पांना असं कोणी कधी विचारलं नव्हतं. ते खुलून सांगत होते. "त्या शिवत न्हाईत मास्तर, चिकटवत्यात. पावसात उलगडल्या की येत्यात लोक आमच्याकडंच." काका जेवायचं विसरले. "आणि टाच झिजते ती आतून का बाहेरून?" "ते माणसावर हाय." मला बरं वाटत होतं. मी मनात म्हणत होते, असंच चालू दे.

"अहो, भात निवतोय त्यांचा," काकू म्हणाल्या.

"हो, हो. जेवा तुम्ही," काका आप्पांना म्हणाले. "मी हा असा. एकदा सुरू झालो की माझ्या चांभारचौकशा—"

शब्द निघून गेला होता. काकूंच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. मी पानातल्या मोदकाकडे बघत होते.

आप्पा हसले. लगेच हसले. कोणाच्या हातून पाणी सांडलं तर आपण 'असू दे, असू दे' म्हणतो ना, तसं. "विचारा की मास्तर, विचारा," ते म्हणाले. "आपलीच चौकशी हाय." आणि भातात वरण कालवायला लागले.

काका घास हातात धरून आप्पांच्या चेहऱ्याकडे बघत होते. फळ्यावरचं उत्तर चुकलंय, पण कुठल्या ओळीपासून चुकलंय ते शोधतोय, असं. मग त्यांनी घास पानात ठेवला. त्यानंतर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. आप्पा मात्र बोलत राहिले, गंगेबद्दल, गाडीतल्या गर्दीबद्दल, जरा जास्तच.

जेवून आप्पा वर जाऊन झोपले. मी भांडी घेऊन मोरीकडे निघाले होते, तेवढ्यात बाहेरून हाक आली. काका डाव्या ओट्यावर बसले होते. भर दुपारी ते कधी ओट्यावर बसत नसत; ऊन असे. त्यांनी मला उजवीकडे बसायची खूण केली.

"पूर्वपक्ष," ते म्हणाले. मग समोरच्या भिंतीकडे बघून बोलायला लागले. "शब्द कानावर येतो. बोलणाऱ्याला मला दुखवायचं नाही, हे मला माहीत असतं. तो चांगला माणूस आहे. त्यानं मला शेजारी बसवून वाढलंय. आता मी गप्प बसलो तर त्याला कळेल, सगळ्या पंगतीला कळेल, आणि त्याला अवघड होईल. म्हणून मी हसतो. चूक त्याची, आणि ती झाकायचं काम माझं. जेवण पुढे चालू राहतं. त्याच्या लक्षातही राहत नाही. माझ्या राहतं."

गल्लीत कोणी नव्हतं. खालून घाटावरून कोणीतरी कपडे आपटत असल्याचा आवाज येत होता.

"पुण्याच्या पंगतीत सगळे हसले असं मी सांगतो," काका म्हणाले. "ते तसं नव्हतं. पहिला मी हसलो. मग बाकीचे. अजून हसतोच आहे."

दाराआड काकू उभ्या होत्या. त्या या वेळी आत गेल्या नाहीत.

मी मान हलवली. नीट हलवली, त्यांना दिसेल अशी.

आता नियमाप्रमाणे काकांनी आपला पक्ष मांडायचा होता. त्यांना तो हक्क मिळाला होता. ते उठले, उजव्या ओट्याशी आले. मी जागा दिली. ते बसले, हात गुडघ्यांवर ठेवले, एकदा घसा खाकरला. मी वाट बघत होते.

"चहा टाक म्हणावं काकूला," ते म्हणाले.

संध्याकाळी कार्यक्रमाच्या आधी त्यांनी मुक्ताला बाजूला घेतलं. ती रडकुंडीला आली होती. "पण मास्साब, मैंने पाठ केली है!"

"मास्तर."

"मास्तर, पाठ केली है."

"हो गं. चूक माझी आहे, तुझी नाही. ती म्हण ज्याची आहे त्याला विचारल्याशिवाय मी तुला दिली. दुसरी देतो. नाचता येतं तुला?"

"नहीं," मुक्ता म्हणाली.

"उत्तम."

मुक्तानं 'नाचता येईना, अंगण वाकडं' केलं. ती खरंच फार वाईट नाचली. मधे थांबून पायाखालची सतरंजी उचलून पाहिली, कमरेवर हात ठेवून जमिनीला दटावलं, आणि पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेले आप्पा खोकला येईपर्यंत हसले. शेजारच्या माणसाच्या मांडीवर थाप मारून हसले. काका रंगमंचाकडे बघतच नव्हते. ते बाजूला उभे राहून आप्पांचं हसणं बघत होते.

पुढच्या वर्षी मला होस्टेल मिळालं आणि मी ती खोली सोडली. काका त्या दिवसानंतर एकदम वेगळे झाले असं काही मी सांगणार नाही. ते सिद्ध करता येणार नाही. हिंदी अजून दारातच काढावी लागते. आजीच्या म्हणी त्यांनी टाकून दिल्या नाहीत, पण एकेक घेऊन ज्याची त्याला विचारत फिरायचा नवीन नाद त्यांना लागला. न्हाव्याच्या उकिरड्यात केसच निघायचे, ही म्हण घेऊन ते घाटावरच्या न्हाव्याकडे गेले आणि त्याचा पूर्वपक्ष मांडायला बसले. न्हाव्यानं वस्तरा हातात धरून विचारलं, "मास्साब, दाढी बनवावे के हौ कि खाली बतियावे के?" हे काकूंनी मला फोनवर सांगितलं. पुण्याची गोष्ट ते आता पाहुण्यांना सांगत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं.

आता मी लातूरला एका कॉलेजात शिकवते. काकांचा फोन येतो. वर्गात मुली किती, खिडकी कुठल्या दिशेला, पोरं प्रश्न विचारतात का, तू काय उत्तर देतेस, फळा आहे की भिंतीवर चित्रं. आप्पांचं कसं चाललंय, फोमच्या चपला अजून उलगडतात का. मग त्यांच्या लक्षात येतं की बराच वेळ झाला. "चल, ठेवतो," ते म्हणतात. "माझ्या आपल्या..."

आणि थांबतात. तिथं त्यांनी दुसरा शब्द बसवलेला नाही. बसवता आला असता, शब्दांना त्यांच्याकडे तोटा नाही, पण त्यांनी ती जागा तशीच ठेवली आहे. तेवढ्या वेळात मला पलीकडून गल्ली ऐकू येते, एखादी घंटा, सायकलची टिणटिण, कोणी तरी "मास्साब, हट जाइए, सांड आवत हौ" म्हणतं.

मग फोन ठेवला जातो. मला हसावं लागत नाही.